लॅपटॉपला 94, मोबाइलला 180 आणि पडवीत 6: एकाच डब्याचे इतके आकडे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात समुद्रापासून जवळ जुनं चिरेबंदी घर. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर आणि सगळ्यात मागे एक खोली, तिथे बसून सूनबाई घरून काम करतात. फायबरचं कनेक्शन 200 एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 200 मेगाबिट. खांब परसात असल्यामुळे डबाही (राउटर) त्याच मागच्या खोलीत बसवलाय. डब्याला वायर लावलेल्या लॅपटॉपवर स्पीड 94 च्या वर जात नाही. त्याच खुर्चीत बसून मोबाइलवर वायफायने मात्र 180 मिळतो. माजघरात तोच मोबाइल 35 दाखवतो, पडवीत सासऱ्यांच्या फोनला 6. गणपतीत तर कुणालाच धड काही मिळालं नाही. कंपनीचा माणूस येऊन ‘लाइन ओके आहे’ म्हणून गेला. वायर वायफायपेक्षा हळू कशी, आणि चूक नक्की कुणाची, हे सूनबाईंना हवंय.

ताई, कंपनीचा माणूस खोटं बोललेला नाही. तुमच्या मोबाइलवरचा 180 हाच त्याचा साक्षीदार. डब्यापर्यंत दोनशेचा माल पोचत नसता तर हवेतून 180 आले असते कुठून? तेव्हा खांब, फायबर, कंपनी हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. तुमचे आकडे डब्याच्या अलीकडे, तुमच्याच घरात अडलेत, आणि प्रत्येक आकडा वेगळ्या जागी अडलाय. म्हणून एकच इलाज करून भागणार नाही. ‘मोठ्या रेंजचा राउटर घ्या’ असं कुणी सांगितलं असेल तर तूर्त पाकीट खिशातच राहू द्या.

मी गेली अठरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वायरी ओढतोय. आधी टीव्हीच्या, मग तांब्याच्या, आता काचेच्या, म्हणजे फायबरच्या. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला 94 वाचला आणि हसू आलं. जुनी ओळख आहे त्याची.

लॅनचं पोर्ट, म्हणजे वायर खोचायची खाच, घरात साधारण ठरावीक वेगांनाच चालतं: 10, 100 किंवा 1000 एमबीपीएस. दोन टोकं जोडली की ती आपसात ठरवतात, हजारवर जमतंय का. नाही जमलं तर थेट शंभरावर उतरतात, मधली पायरी नाही. आता शंभराचा जोड झाला म्हणजे पूर्ण शंभर मिळतात का? नाही. माहिती पाकिटांतून जाते. एका पाकिटात तुमचा खरा माल असतो 1460 बाइट. त्यावर पत्ते, तपासणीचे आकडे, दोन पाकिटांमधली मोकळी जागा असं सगळं धरलं की तारेवर ते 1538 बाइटांची जागा खातं. 1460 भागिले 1538 करा, 0.949 येतं. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव. दोनशेच्या प्लॅनवर टेस्ट दर वेळी 94 वर येऊन ठाम थांबत असेल, तर कुठेतरी शंभराचा जोड बसलाय. इंटरनेट खराब असतं तर आकडा खालीवर नाचला असता.

जोड शंभरावर का उतरला, याची तीन-चार कारणं असू शकतात. आपल्याकडे मला सगळ्यात जास्त सापडतं ते वायरीचं. लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या असतात. शंभरासाठी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. हजारासाठी चारही लागतात. निळ्या किंवा ब्राउन जोडीतली एक तार जरी नीट टेकत नसली, तरी लाइट लागतो, नेट चालतं, काही बिघडलंय असं वाटतच नाही. बहुतेक लॅन कार्डं अशा वेळी गुपचूप शंभरावर उतरतात.

गेल्या पावसाळ्यात वेळणेश्वरच्या बाजूला एका घरी हेच होतं. क्लिप दाबून कनेक्टर बाहेर काढला आणि मोबाइलच्या टॉर्चखाली धरला. आठ सोनेरी पट्ट्या, त्यातल्या सहा स्वच्छ आणि शेवटच्या दोन हिरव्यागार, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशा. खारी हवा. कनेक्टर कापून टाकला, वायर दोन इंच सोलली, तर आतली तार जराशी वाकवताच तुटली. सुरीने खरवडली तर आत पांढरी. म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ही वायर स्वस्त मिळते म्हणून सगळे घेतात, पण समुद्रकाठी ती दोन-तीन पावसाळे काढते आणि मग टोकाला भुसभुशीत होते. मी आणखी वीतभर मागे जाऊन चांगला भाग शोधला, नवा कनेक्टर क्रिंप केला, लॅपटॉपवर जोड 1000 चा दिसला आणि टेस्ट 190 च्या पुढे गेली. घरधनी म्हणाले, “एवढंच होतं व्हय?” एवढंच होतं. (वायर घ्यायला जाल तेव्हा दुकानात ‘शुद्ध कॉपर’ची मागा आणि टोक खरवडून बघा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.)

तुम्ही स्वतः तपासा. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या खाली इथरनेटवर गेलात की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे 100/100 असेल तर माझा अंदाज बरोबर. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वायर बदला. नाहीच फरक पडला तर डब्यावरचं पोर्ट बदला, कारण कित्येक डब्यांवर एकच पोर्ट हजाराचं असतं आणि बाकीची शंभराची. ते पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचं असतं किंवा त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तरीही नाही, तर लॅपटॉपचं पोर्टच शंभराचं असेल. यूएसबीला लावायचा स्वस्तातला लॅन ॲडाप्टर वापरत असाल तर संशय आधी त्याच्यावर घ्या.

जाता जाता टीव्हीचंही सांगतो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना, चांगल्या महागड्यासुद्धा, लॅनचं पोर्ट शंभराचंच असतं. त्यामुळे टीव्हीवर टेस्ट केली तर वायरीपेक्षा वायफायवर आकडा जास्त दिसू शकतो. म्हणून वायर काढून टाकू नका. फोरके सिनेमाला पंचवीसच्या आसपास एमबीपीएस पुरतात, आणि वायरीतून येणारे 94 रात्रंदिवस 94 च असतात. हवेतले 150 कुणी दार लावलं तरी 40 होतात.

आता हवेकडे येऊ.

वायर आणि वायफाय यांच्यातला खरा फरक वेगाचा नाही, रस्त्याचा आहे. वायरीत जायला आणि यायला एकाच वेळी वाट असते आणि त्या वाटेवर तुमच्याशिवाय कुणी नसतं. वायफाय म्हणजे दरड कोसळल्यावर कुंभार्ली घाटात सुरू असते ती एकेरी वाहतूक. एका वेळी एकाच बाजूचं, एकच वाहन. बोलायच्या आधी प्रत्येक फोन कान देतो, हवेत कुणी बोलत नाही ना. मग थोडं थांबतो, मग बोलतो, मग ‘पोचलं’ अशी पोच येईपर्यंत पुन्हा थांबतो. या थांबण्यातच वेळ जातो. म्हणून वायफायचा जो वेग कागदावर असतो त्याच्या साधारण निम्मा हातात पडतो. डब्याच्या खोक्यावर 1200 छापलेलं असतं ना, ती तर दोन वेगळ्या पट्ट्यांची बेरीज आहे, 300 आणि 867. एक फोन एका वेळी त्यातल्या एकाच पट्ट्यावर असतो.

हे दोन पट्टे म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 चा पट्टा अरुंद, जुना, गर्दीचा. मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, बिनतारी माउस सगळे तिथेच नांदतात. पण तो भिंतीतून बरा जातो. 5 चा पट्टा ऐसपैस आहे. 2018 साली केंद्र सरकारने त्याचा मोठा भाग परवान्याच्या कटकटीतून मोकळा केला, तेव्हापासून आपल्याकडे त्याची चैन आहे. वेग त्याचाच. पण भिंत आली की तो दमतो. मागच्या खोलीत तुम्हाला मिळालेले 180 हे 5 चे आहेत. माजघरातले 35 हे बहुधा 2.4 चे. तिथे साध्या फोनचा डब्याशी जोड 72 चा होतो, आणि 72 चा निम्मा 36. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर त्यावरही वायफायच्या नावावर टिचकी मारून तपशील उघडलात की लिंक स्पीड आणि पट्टा दोन्ही दिसतील. घरातल्या घरात फिरून ते वाचा, स्पीड टेस्टपेक्षा जास्त समजेल.

अनेक डबे दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि निवड फोनवर सोडतात. फोन या बाबतीत आळशी असतो. पडवीतून आत आलात तरी तो 2.4 लाच चिकटून राहतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की डोळे उघडतात त्याचे. मला स्वतःला दोन नावं वेगळी ठेवलेली आवडतात, म्हणजे काम करताना कुठल्या पट्ट्यावर बसलोय ते कळतं. घरातल्या म्हाताऱ्यांचा गोंधळ होतो हे कबूल, पण त्यांच्या फोनमध्ये एकदा 2.4 चं नाव घालून दिलं की पुन्हा कुणी हात लावत नाही.

आता भिंती. इंटरनेटवर वायफायचे जेवढे सल्ले आहेत ते बहुतेक फ्लॅटसाठी लिहिलेले. चॅनल (पट्ट्यातली एकेक वाट) बदला, 1, 6, 11 मधला मोकळा बघा, वगैरे. चिपळुणात किंवा रत्नागिरीत बिल्डिंगमध्ये राहात असाल तर ते बरोबर आहे, तिथे पंधरा शेजाऱ्यांचे पंधरा डबे एकमेकांवर ओरडत असतात. वाडीत तुमच्या शेजारचं घर आंब्याच्या चार कलमांपलीकडे. तिथे चॅनल बदलून काय होणार? आपला शत्रू चिरा.

जांभ्याची दीड फुटी भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा. आणि जांभा सच्छिद्र. ज्येष्ठात पाणी प्यायला लागतो तो भाद्रपदापर्यंत ओलाच असतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त खाते, पाणी या लहरींना शोषून घेतं. ‘उन्हाळ्यात माजघरात चालायचं, पावसाळ्यात चालत नाही’ अशी तक्रार करणारे मला दरवर्षी भेटतात, आणि ते काही मनाचं सांगत नसतात. त्यात लहर भिंतीला सरळ न भिडता तिरकी घुसली तर भिंत आणखी जाड होते. पंचेचाळीस अंशात गेली तर दीड फुटाची भिंत दोन फुटांच्या वर. तुमच्या मागच्या खोलीतून पडवीपर्यंत अशा तीन भिंती. तीन भिंतींपलीकडे 6 मिळतायत हेच नशीब म्हणायचं.

पण याच जुन्या घरांनी एक सोयही करून ठेवलीय. पुढल्या दारात उभं राहिलं की मागलं दार दिसतं अशी आपल्याकडची कित्येक घरं. दारांची ही रांग म्हणजे वायफायचा फुकटचा रस्ता. डबा कोपऱ्यातून उचलून या रांगेत आणलात तर दोन भिंती आपोआप वजा होतात. दुसरं, कौलारू घरात मधल्या भिंती बऱ्याचदा कौलांपर्यंत जात नाहीत, वर वाशांखाली सगळं एकच पोकळ असतं. डबा भिंतीच्या माथ्याच्या वर टांगला की लहर भिंतीत घुसायच्या ऐवजी वरून उडी मारते. लाकडाची पाटण आणि मातीची कौलं तिला फारशी अडवत नाहीत. मी दापोलीकडे एका घरी डबा टेबलावरून फक्त सात फूट वर नेला होता, बाकी काही नाही, आणि ओटीवरचा फोन 8 वरून 30 वर गेला. मात्र गळक्या कौलाखाली नको, आणि उंदरांचाही विचार करा.

अडवतात ते पत्रे, स्टीलची कपाटं, आरसे आणि पाण्याच्या टाक्या. धातूवर लहर आपटून परत येते. स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड मारलेल्या नव्या घरांत वरच्या गच्चीला म्हणून काही मिळत नाही. डबा टीव्हीच्या मागे खोचलेला असतो, देवघराच्या कोनाड्यात असतो, एकदा तर मला भांड्यांच्या मांडणीत सापडला. दमटपणा नको म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलेही पाहिलेत. तसं करू नका, तो आत भाजून निघतो आणि तापला की अडखळायला लागतो. पावसाळ्यात एकदा उघडून मात्र बघा. डब्याची ऊब मुंग्यांना फार आवडते. लॅनच्या पोर्टात अंडी घातलेली मी स्वतः काढलीत.

सासऱ्यांच्या फोनकडे वळतो, कारण तुमच्या घरातली गंमत तिथे आहे.

त्यांचा फोन साधा असेल तर त्याला 5 चा पट्टा नसण्याची शक्यता बरीच. पडवीत रेंजच्या दोन दांड्या दिसतात तरी चालत नाही, असं ते म्हणत असतील. दांड्या दाखवतात फोनला डब्याचं किती ऐकू येतं ते. डबा मोठ्याने बोलतो, त्याला विजेचा प्लग आहे. फोन बॅटरीवर, तो हळू बोलतो. डब्याला फोनचं नीट ऐकू आलं नाही की पाकिटं परत परत पाठवावी लागतात, आणि शेवटी दोघं ठरवतात, सावकाश बोलू. असा जोड कधी कधी साडेसहाच्या आसपास उतरतो.

आता हिशेब करा. ते पडवीत झोपाळ्यावर बसून नमन-खेळ्यांचा व्हिडिओ बघतायत. व्हिडिओला लागतात समजा 2 एमबीपीएस. तुमच्या 200 च्या प्लॅनमधले दोन म्हणजे शंभरातला एक. कुणाला काय फरक पडणार? पण हवेत वाटणी वेगाची होत नाही, वेळेची होते. साडेसहाच्या वेगाने 2 चा माल न्यायचा तर दर सेकंदातला जवळजवळ एकतृतीयांश वेळ त्यांचा फोन घाट अडवून धरणार. थांबणं, पोच, पुन्हा पाठवणं धरलं तर निम्मा. तेवढ्या वेळात 2.4 वरच्या बाकी कुणाला तोंड उघडता येत नाही. घाटात पुढे मालाचा ट्रक रांगत असला की मागच्या गाड्यांची जी गत, तीच. म्हणजे पडवीतल्या सहामुळे माजघरातले 35 सुद्धा 15-20 होतात. मी या मुद्द्यावर जरा अडून बसतो, कारण ‘आमचा काय, एकच फोन तर चालू आहे’ हे वाक्य रोज ऐकतो. फोन किती ते विचारू नका, तो किती लांबून बोलतोय ते विचारा.

गणपतीत काय झालं ते यावरून कळलं असेलच. मुंबईहून चाकरमानी आले, दोन माणसांच्या घरात अठरा माणसं, बावीस-पंचवीस फोन. निम्मे अंगणात मांडवाखाली, म्हणजे तीन भिंतींबाहेर. प्रत्येकाने येताच वायफायचा पासवर्ड मागितला. आणि आरतीचे, आरासाचे फोटो-व्हिडिओ काढले की प्रत्येकाचा फोन ते आपले आपण वर चढवायला लागतो, कुणाला न सांगता. खाली उतरणाऱ्या मालालाही वर जाणाऱ्या पोचपावत्या लागतात. वरची वाट तुंबली की पावत्या रांगेत अडकतात आणि खालचाही वेग बसतो. अशा वेळी ‘पिंग’ (निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) बघा, एरवी 10 असतं ते 300-400 झालेलं दिसेल. त्यावर उपाय तांत्रिक कमी आणि सांसारिक जास्त: पाहुण्यांना सांगायचं, फोटोंचा बॅकअप फक्त रात्री. ऐकतील ते ऐकतील. तुमच्या मीटिंगच्या वेळी स्वतः वायरीवर बसा, म्हणजे निदान हवेतली मारामारी तुमच्यापर्यंत येणार नाही. डब्यात पाहुण्यांसाठी वेगळं नाव काढून त्याला वेगाची मर्यादा घालता येते, तेही करून ठेवा.

पावसाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. पावसाने स्पीड कमी होतो हा समज तांब्याच्या काळातला. 2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचं, खांबावरच्या डबीत पाणी शिरलं की खरखर आणि स्पीडचं पाणी. आताच्या काचेत प्रकाश जातो, त्याला पावसाचं सोयरसुतक नाही. त्याला त्रास होतो वाकण्याचा. फायबर बोटाभोवती गुंडाळलीत तर प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. फांदी पडली, वांदरांनी झोके घेतले, कुणी दाराच्या फटीतून घेऊन वर दार लावलं, की तेच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे आम्ही लायनी मिळेल तशा जोडत सुटलो होतो. प्रत्येक जोडावर थोडा प्रकाश सांडतो, कच्च्या जोडावर जास्त. किती प्रकाश पोचतो ते मोजायला कंपनीच्या माणसाकडे छोटं पॉवर मीटर असतं. ते उणे 15 ते उणे 25 च्या मध्ये आकडा दाखवत असेल तर ठीक. उणे 27 च्या खाली गेलं की लाइन अडखळते, तुटते, डब्यावर लाल लाइट लागतो. तुमच्याकडे 180 मिळतायत म्हणजे हा प्रश्न नाही. पुढेमागे आला तर एक खूण लक्षात ठेवा: खोट कंपनीकडे असेल तर ती वायरीवरही दिसते. खांबावरून येणारी एक काच साधारण अडीच हजार एमबीपीएस आणते आणि ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. रात्री नऊला वायरीवरही 190 चे 60 होत असतील तर कंपनीला फोन करा आणि तारीख-वेळ लिहून वायरीवरच्या टेस्टचा फोटो पाठवा. वायफायचा फोटो पाठवलात तर तो तुम्हालाच भिंती मोजायला लावेल, आणि त्यात चूक नाही.

टेस्ट करताना सर्व्हर मुंबईचा निवडा, दर वेळी तोच. बाकी डाउनलोड बद्दल एकच: मेगाबिट आणि मेगाबाइटमध्ये आठपट. 200 एमबीपीएसवर फाइल सेकंदाला 25 मेगाबाइटने उतरली की ती पूर्ण वेगाने उतरतेय.

आता करायचं काय. लॅपटॉपची वायर सांगितलीच. घरासाठी माझा सल्ला: मागच्या खोलीतून ओटीपर्यंत चांगल्या तांब्याची एक लॅन वायर वाशांच्या कडेने न्या आणि तिथे दुसरा डबा लावा. घरात जुना राउटर पडलेला असेल तर तोही चालेल, फक्त त्याचं डीएचसीपी (फोनना नेटचे पत्ते वाटायचं काम, ते पहिला डबा करतोच) बंद करायचं, वायर त्याच्या लॅन पोर्टात घालायची, आणि चॅनल पहिल्यापेक्षा वेगळा ठेवायचा, एकाचा 1 तर दुसऱ्याचा 11. सासरे, पडवी आणि अंगणातला मांडव त्या डब्यावर. त्यांचा फोन जवळून बोलायला लागला की साडेसहाचा जोड 72 चा होईल, आणि त्यांचा व्हिडिओ हवेचा वेळही आधीच्या दहावा-अकरावा हिस्साच खाईल. नवीन वेगाचा प्लॅन घेऊन हे होणार नाही. 200 चे 500 केलेत तरी पडवीत 6 च राहतील.

वायर नकोच असेल तर रिपीटर आहे, पण मन मारून. साधा रिपीटर एकच निरोप दोनदा बोलतो, एकदा डब्याकडून ऐकतो आणि एकदा फोनला सांगतो, म्हणून वेग निम्मा होतो. आणि लोक तो लावतात तिथे, जिथे रेंज नाही. त्यालाच ऐकू येत नसेल तर तो पुढे सांगणार काय? माजघरात, दारांच्या रांगेत लावा.

एक गोष्ट मात्र करू नका, ती मी करून चुकलोय. दोन भावांची घरं, मध्ये साठ मीटर आंब्याची बाग. एका डब्यावर दोन्ही घरं चालवायची म्हणून मी झाडाझाडांतून साधी लॅन वायर ओढून दिली. अंतर लॅनच्या शंभर मीटरच्या मर्यादेच्या आत, स्पीड फर्स्टक्लास, दोघंही खूष. मे महिन्याच्या शेवटी पहिला वळीव आला. वीज त्या वायरीवर पडलीही नव्हती, कुठेतरी बाजूच्या सड्यावर पडली. दोन्ही घरांतले राउटर, एक टीव्ही आणि एका लॅपटॉपचं पोर्ट गेलं. साठ मीटर उघड्यावरची तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण, हे मला माहीत असायला हवं होतं. राउटर मी माझ्या खिशातून भरून दिले. आता गोठा, आउटहाउस, शेजारचं घर, काहीही असो, बाहेरून जाणारी वायर काचेचीच ओढतो, आणि तिच्यात आधाराला पोलादी तार असेल तर ती घरात शिरायच्या आधी सोडवून बाहेरच संपवतो.

घरातल्या घरात लॅन चालते. पण ढग गडगडायला लागले की लोक डब्याचा प्लग काढतात आणि लॅन तशीच ठेवतात. तीही काढा, लॅपटॉपच्या बाजूनेसुद्धा. परतीच्या पावसात ऑक्टोबरभर मला जी पोर्टं जळालेली मिळतात, त्यांचे प्लग बहुतेक वेळा काढलेले असतात.